जाळीवरची निळी टेप

१२ सप्टेंबर, दुपारी

मोजपट्टी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहायला तुला आठ महिने लागले, आणि त्यातली एक ओळ काय, तर तब्येतीची काळजी घे. माझ्या तब्येतीला धाड भरली नाही. ज्यांना जायचं नव्हतं ते गेले आणि मी दोन वेळा भात खाऊन बसले आहे.

अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. तिसरीत शाळा सुटली, त्यानंतर तुझ्या आजोबांच्या दुकानात पाट्या लिहिताना हात वळला तेवढाच. ह्रस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं असं हे पत्र नाही. तुझ्या बापासमोर तुझा विषय निघाला की तो उठून जातो. भांडत नाही, नुसता उठतो आणि डेपोत जाऊन बसतो. सुट्टी असली तरी. तिथले लोक म्हणत असतील, मेकॅनिक असावा तर असा, बसगाड्यांना सोडत नाही.

घर तसंच आहे. दारावर तू ठोकलेली, हरित घर म्हणून मिळालेली ती पाच हिरव्या पानांची पाटी आहे, मी पुसते कधीकधी. भिंतीत लोकरीसारखं काय ते भरलंस, खिडक्यांना दुहेरी काचा बसवून घेतल्यास, त्यामुळे बाहेर ट्रक गेला तरी कप हलत नाही. तुझी आई होती तोवर ती बडबडायची, मी तिला गप्प बस म्हणायचे. आता गप्पच आहे सगळं.

तू लिहितेस की वीस ऑक्टोबरला समितीपुढे शेवटची सुनावणी आहे. तू जाऊन सांगणार, चूक माझीच, तपासणी झाल्यावर न्हाणीघरातल्या जाळीवरची टेप काढायची राहिली, गीझरला हवा मिळाली नाही, विषारी वायू कोंडला आणि माझी आई गेली. मग घरं तपासायचा तुझा परवाना जन्माचा जाणार. पुढे पोलीस काय करायचं ते करतील. वर म्हणतेस, "मला काढल्याचं आठवत नाही, पण टेप माझी होती, म्हणजे मीच विसरले असणार."

लहानपणी तू माझ्या लुगड्याचीसुद्धा लांबी मोजायचीस, दोनदा मोजायचीस, आणि दोन्ही वेळा सारखीच आली नाही तर जेवायची नाहीस. म्हणून तर नाव पडलं. असली मुलगी विसरते का?

पण मला काय कळतं. तारीख पुढे ढकलता येते का बघ. घाई करू नकोस.

आणि शेवटी ते लिहिलंस, "आजी, तू एकटीने मला बोल लावला नाहीस." ते वाक्य लिहायची काही गरज नव्हती.

तुझी आजी

२१ सप्टेंबर, सकाळी

मोजपट्टी,

तुझा बाप घर विकतोय. मला सांगितलं नाही. दलाल दारात आला तेव्हा कळलं.

दलाल एका जोडप्याला घेऊन आला होता. पोरगी पोटुशी, सहावा-सातवा असेल. नवरा भिंतींवर टिचक्या मारत फिरत होता, कलिंगड घेतात तसा. दलाल म्हणे, "हरित घर आहे. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पाच पानं, या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाहीत. विचारा आजींना."

मी म्हटलं, "विकायचंय तुम्हाला, मला कशाला कामाला लावता?"

पोरगी हसली. म्हणाली, "आजी, खरं सांगा ना, इथे राहायला कसं वाटतं?"

"बरणीत राहिल्यासारखं. झाकण घट्ट आहे."

दलालाचा चेहरा पडला. नवऱ्याला मात्र ते आवडलं. "म्हणजे वारा घुसत नाही! तेच तर हवंय." मूर्ख मेला. घराला किती घट्ट करायचं आणि हवेला वाट कुठे ठेवायची, हे तू तुझ्या बापाला तासभर समजावत होतीस ते आठवलं. तो जुन्या घरातला गॅसचा गीझर टाकायला तयार नव्हता. "चालतोय ना? मग?" तू म्हणालीस, असल्या घरात तो चालणार नाही, आणायचाच असेल तर खाली भिंतीत जाळी पाडायची आणि ती कधी म्हणजे कधी बंद करायची नाही. तो म्हणाला बरं. तू जाळी पाडलीस, शेजारी चिठ्ठी चिकटवलीस. लेकीचं ऐकलं असतं आणि तो गीझर भंगारात घातला असता तर. पण त्याला मी कुठल्या तोंडाने बोलू.

आता तिथे विजेचा बसवलाय. जाळी आहे तशीच. पोरगी न्हाणीघरात शिरली, वाकून जाळीसमोर हात धरला आणि म्हणाली, "बाई गं, किती गार हवा येते! हे बंद करून टाकता येईल ना?"

मी तिचं मनगट धरलं. कसं धरलं कोण जाणे, पोटुशी बाई दचकली. मी म्हणाले, "हात लावायचा नाही त्याला."

नवरा म्हणे, "आजी, ती फक्त विचारतेय."

तुझा बाप दारात उभा होता. त्याला वाटलं मला तुझ्या आईची आठवण झाली. मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला. पेला मी तसाच खाली ठेवला.

ते जोडपं म्हणालं, घर आवडलं, पण पानांचा दाखला नवीन पाहिजे. जुन्यावर तुझी सही, आणि तुझ्या सहीचा निकाल लागायचाय. तेव्हा नवा तपासनीस येणार. तुझ्याच कचेरीतला आहे म्हणतात. उंच, वाकून चालतो. तू ओळखत असशील.

तारीख पुढे ढकलता येते का बघ असं मी म्हटलं होतं. त्यावर तू उत्तर दिलं नाहीस.

आजी

४ ऑक्टोबर, संध्याकाळी

मोजपट्टी,

तो लंबू येऊन गेला. तुझ्यासारखंच सगळं केलं. दारात तांबडं कापड ताणलं, त्यात पंखा बसवला, घरातल्या जाळ्या, नळ्या, भोकं निळ्या टेपने बंद केली, मग पंखा सोडून घर कुठे गळतंय ते बघितलं. मी खुर्ची घेऊन बसले होते, तू तपासलंस तेव्हा बसले होते तिथेच. तुझा बाप डेपोत. पंख्याच्या आवाजाला घाबरतो असं नाही, पण थांबला नाही.

काम झाल्यावर त्याने टेप काढायला घेतली. एकेक पट्टी एका ओढीत निघत होती. मी विचारलं, "इतकी सहज कशी निघते हो?"

"हे बघा ना. टोक दुमडून ठेवतो आम्ही. बोटात धरायला. पहिल्याच दिवशी शिकवतात. तुमची नात आणि मी एकाच बाकावर शिकलो. ती तर घरी भेटवस्तू बांधतानासुद्धा टोक दुमडायची."

मग तो हातातली टेप गुंडाळत राहिला. मी म्हटलं, चहा ठेवू का? नको म्हणाला.

"आजी, मी पोलिसांचे फोटो बघितलेत. न्हाणीघरातल्या जाळीवर जी टेप होती ना, तिचं एकही टोक दुमडलेलं नव्हतं. आणि कडा सरळ होत्या, कात्रीने कापल्यासारख्या. आमच्याकडे कात्री नसते, आम्ही हाताने तोडतो. मी समितीला सांगितलं. ते म्हणाले, ती स्वतःच कबूल करतेय, मग तुम्ही कशाला टोकं मोजताय?"

मी पदराने खुर्चीचा हात पुसू लागले.

"त्या आठवड्यात घरात तुम्ही दोघीच असायचात ना?"

"माझा मुलगा असतो की."

"ते डेपोतच अंघोळ करतात. जबाबात आहे." आवाज चढवला नाही त्याने. "त्या जाळीला कुणी हात लावला होता का?"

मी म्हटलं, "ते मी तेव्हाच सांगितलंय पोलिसांना. कुणी लावला नाही. आणि मला काय विचारता, मला चार पावलांवरचं माणूस दिसत नाही."

त्याने टेबलाकडे बघितलं. तिथे माझा चष्मा होता, पेन होतं, आणि तुला लिहायला काढलेला कागद होता. "मग पत्र कोण लिहितं?" म्हणाला.

मी म्हटलं, "तुमचं काम झालं असेल तर निघा."

निघाला. दारात वाकून बूट घालताना म्हणाला, "तिने जेवण सोडल्यासारखंच आहे, आजी. मी गेलो होतो भेटायला. ती मला म्हणाली, मी रोज ती जाळी मनात आणते आणि रोज टेप काढते."

गेला. पाच पानं देणार म्हणतो.

आजी

६ ऑक्टोबर

दोन दिवस कागद समोर ठेवून बसते आहे. आडून आडून लिहायचा मला कंटाळा आला. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर बोलले आणि आता म्हातारपणी मांजरासारखं डोळे मिटून दूध पितेय.

तू टेप काढली होतीस.

सगळ्या काढल्या होत्यास. अकरा ठिकाणी लावली होतीस, अकरा ठिकाणची काढलीस. मी खुर्चीत बसून मोजत होते, दुसरं काम काय मला. शेवटची न्हाणीघरातली. काढलीस, गोळा करून पिशवीत टाकलास, आणि आईला म्हणालीस, "झालं गं." बुधवार होता. तुझी आई गेली रविवारी. मधल्या गुरुवारी मी ती परत लावली.

आता नीट सांगते, तोडून तोडून नाही.

त्या हिवाळ्यात माझे पाय गोठायचे. माझी खोली न्हाणीघराला लागून. बाकी घर उबदार, आणि त्या दाराखालून सुरीसारखी हवा यायची, थेट माझ्या पायावर. जन्मभर मी फटी बुजवल्या आहेत. कागद कोंबून, चिंध्या कोंबून, खळ लावून. वारा येतो तिथे बोळा घालायचा, एवढंच आमचं शास्त्र. तेव्हा मी जाळीत फडका कोंबला. तुझ्या आईने पाहिला, काढला. म्हणाली, "आई, ती बंद करायची नसते. मोजपट्टी ओरडेल." मी पुन्हा कोंबला. तिने पुन्हा काढला, आणि या वेळी हसली नाही. म्हणाली, "लहान आहात का तुम्ही?" सुनेने मला असं म्हणावं हे मला झोंबलं.

मग बुधवारी तू आलीस. पंखा बंद केल्यावर टेप काढायच्या आधी तुम्ही दोघी चहा पीत बसलात, कसल्या तरी पडद्यांवरून वाद घातलात. अर्धा तास झाला असेल. त्या अर्ध्या तासात माझे पाय गरम झाले. मला वाटलं, ही शिकलेली पोरगी स्वतः बंद करते तेव्हा घर एवढं चांगलं होतं, दाखल्यालाही असंच बंद करून मोजतात, मग उघडं ठेवायचा हट्ट कशाला?

तू टेपचं भेंडोळं खिडकीत विसरून गेलीस. तेवढंच विसरलीस तू.

गुरुवारी तुझी आई बाजारात गेली, तेव्हा मी कात्री घेतली आणि टेप लावली. तू लावतेस तशी, आधी आडव्या, मग कडेने उभ्या. नीटनेटकी. फडका दिसला तर ती ओळखते. पण टेप दिसली तर तिला वाटेल लेकीचं काम आहे, राहू दे. हे मी मनात धरून केलं. तिला तूच वाटावीस म्हणून मी तुझ्यासारखी लावली. टोक दुमडायचं असतं ते तेवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वर चिठ्ठी होती, "ही जाळी बंद करू नये." मला वाचता येतं. मी वाचली. असं सगळीकडेच लिहिलेलं असतं, गवतावर चालू नये, इथे थुंकू नये. टेपची एक कड त्या चिठ्ठीवर गेली.

मी अंघोळीला बादलीभर पाणी काढते, दार लोटून दहा मिनिटांत बाहेर. मला काही झालं नाही. तुझा बाप डेपोत. तुझी आई मात्र रविवारी दार लावून तासभर गरम पाण्याखाली. आठवडाभराचं अंग दुखणं एकदम काढते म्हणायची. मी बाहेरून ओरडले, "झोपलीस का आत?" पाणी वाहत होतं. मी रागावून परत खोलीत जाऊन बसले. पाय गरम होते माझे. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा तिचे गाल गुलाबी होते. मी म्हणाले, किती छान दिसतेय, जिवंत आहे. डॉक्टर म्हणाले, या वायूने मेलेलं माणूस असंच दिसतं.

टेप मी काढली नाही. मला सुचलंच नाही. पोलिसांनी फोटो काढले, विचारलं, हात कुणी लावला होता? मी म्हणाले, कुणी नाही. आणि मग तू धावत आलीस, जाळीकडे बघितलंस आणि तिथेच खाली बसलीस. "माझी टेप," म्हणालीस. तेव्हा मला तोंड उघडायला एक क्षण मिळाला होता. तुझ्या बापाने तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही तरुण आहे, हिचं निभेल. मला या वयात घराबाहेर काढलं तर मी कुठे जाऊ?

हे असं आहे. पाय गरम राहावेत म्हणून पहिलं केलं आणि खोली राहावी म्हणून दुसरं. दुसरं जास्त वाईट आहे हे मला कळतं.

म्हणून तू मला चांगली म्हणालीस तेव्हा मी तुझ्यावर खेकसले.

वीस तारखेला तू जा. जबाब देऊ नकोस. मी येते.

२४ ऑक्टोबर, सकाळी

मोजपट्टी,

तू आली नाहीस. खुर्ची रिकामी होती. मी म्हणाले बरंच झालं, पण नजर दाराकडेच जात होती. पत्र तुला मिळालं, उघडलंस, की न उघडता ठेवलंस, तेही ठाऊक नाही. म्हणून तिथे काय झालं ते सांगते.

तुझ्या बापाला मी आदल्या सकाळी सांगितलं, तो दाढी करत होता तेव्हा. त्याने दाढी पूर्ण केली. मग ब्रश धुतला. मग म्हणाला, "उद्या किती वाजता आहे?" दुसरं काही नाही. मला घेऊन गेला, जिन्यावर हात दिला नाही.

समितीत तिघं होते. मधली बाई सगळ्यात तिखट. "आजी, नातीला वाचवायला तर बोलत नाही ना? असे पुष्कळ येतात."

मी म्हटलं, "वाचवायचं असतं तर जानेवारीत आले असते."

लंबू फोटो घेऊन उभा होता. त्या बाईने त्यातला एक उचलला, मला दाखवला नाही. तिथल्या भिंतीलाही हवेची एक जाळी होती. तिने टेपचं भेंडोळं आणि कात्री मागवली आणि म्हणाली, "लावून दाखवा. त्या दिवशी लावली तशी."

मी लावली. गुडघ्यावर बसावं लागलं. आधी आडव्या चार, मग उभ्या दोन, डावीकडची थोडी तिरकी गेली, कारण डावा खांदा माझा वर जात नाही. हातांना सगळं आठवत होतं, डोक्यापेक्षा जास्त. लावून झाल्यावर बाईने फोटो जाळीशेजारी धरला. डावीकडची तिरकी तिथेही तिरकीच होती.

मी वळून बघितलं तर तुझा बाप भिंतीकडे तोंड करून उभा. खांदे हलत होते. तुझ्या आईला नेलं त्या दिवशीही तो रडला नव्हता.

तुझं नाव मोकळं झालं. कागद आलाय, तुझ्या बापाकडे आहे. माझा जबाब पोलिसांनी घेतला, पुन्हा बोलावू म्हणाले. वयाकडे बघून कीव करत होते, मी म्हटलं वय नका बघू, वय असताना खोटं बोलले आहे. त्या पोटुशी पोरीने घर नको म्हणून कळवलं. बरं केलं. ते जाऊ दे.

त्या दिवसापासून कालपर्यंत तुझा बाप माझ्याशी एकदाच बोलला. गाडीत, सिग्नलला. "ती रोज फोन करायची पहिल्या महिन्यात. मी उचलला नाही." मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. दोघांत मिळून आम्ही तुला बाहेर काढलं, पण त्याला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. त्याला माझ्या पंगतीला बसवू नकोस.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू केलंस तर मला राग येईल आणि नाही केलंस तर बरोबर करशील. उद्या मी तुझ्या आत्याकडे राहायला जाते. मीच म्हटलं. तो नको म्हणाला नाही.

आज सकाळी त्याने मला विचारलं, ती कुठे राहते. तुझं पाकीट मी उशीखाली ठेवलं होतं, ते तसंच त्याला दिलं. म्हणजे आता पत्ता त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. हे पत्रही पोस्टात टाकत नाही, त्याच्याच हाती देते. तो बसने निघालाय, मेकॅनिक असून आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून. तुझ्यासमोर उभा राहील आणि त्याला काही बोलता येणार नाही, तेव्हा तूच काहीतरी विचार. रस्ता कसा होता, एवढं विचारलंस तरी पुरे.

तो दारात बूट घालून कधीचा उभा आहे. हाक मारत नाही. माझं लिहून होण्याची वाट बघतोय.

झालं.